रंगाआधीचा चेहरा

स्वतःच्या मुखाचे दर्शन मनुष्यास आरशात घडते, हे सर्वश्रुत आहे. परंतु चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या त्या तरुणीस ते एका परक्या खिडकीत घडले, आणि तेही राखेच्या रंगात!

सायंकाळचे साडेपाच वाजले होते. बारीक भुरभुर चालू होती. नेहमीचा रस्ता खणून ठेवल्यामुळे ती मागच्या गल्लीने घरी निघाली होती. एका तळमजल्याची खिडकी उघडी होती, आणि आत लाकडी घोडीवर एका स्त्रीचे चित्र उभे होते. त्यात रंगाचा टिपूस नव्हता. मात्र चेहरा — तिचा. डाव्या भुवईतील चीर — तिची. एवढेच काय, नाकाच्या दोन्ही बाजूंस चष्म्याने पडलेले खळगेसुद्धा तिचेच! पाय म्हणाले, पळ. पण हाताने तत्पूर्वीच दाराची कडी वाजवली होती.

दार उघडणारा चित्रकार हातातील कुंचला विसरून पाहतच राहिला.

“तुम्ही... खऱ्या आहात?”

“चिमटा काढून दाखवते. तुम्हाला.” ती उंबऱ्याबाहेरच थांबून म्हणाली. “माझा फोटो कुठनं मिळवलात?”

“शप्पथ घेतो, फोटो नाही. तुम्हाला आज पहिल्यांदाच पाहतोय. म्हणजे अकरा आठवडे रोज पाहतोय, पण पहिल्यांदा...”

“आधी शुद्धीवर या, मग नीट सांगा.”

त्याने सांगितले ते असे. एक जन्मांध आजी दर गुरुवारी त्याच्याकडे येत. त्यांची मुलगी, लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी झालेली, पाचव्या वर्षी तापाने गेली होती. ती आज असती तर पंचवीस वर्षांची असती. तशी, वाढलेली, तिची तसबीर त्यांना हवी होती. आजी त्याच्या तळहातावर बोट फिरवीत आणि सांगत — कपाळ इथून उतरते, हनुवटी इथे वळते, भुवईत इथे एक चीर आहे.

“आमच्या जुन्या पद्धतीत आधी फक्त उजेड आणि सावली रंगवायची, राखाडीत,” तो म्हणाला. “ते वाळलं की वर झिलई. म्हणजे तेलात रंगाचा नुसता वास लावल्यासारखा पातळ थर. तो वाळला की दुसरा, मग तिसरा. खालचं सगळं वर दिसत राहतं. आकार आजींनी सांगितला. रंग कुठनं सांगणार बिचाऱ्या? तिथेच घोडं अडलंय.”

“काळा चष्मा? पितळी मुठीची काठी?” तिने हळूच विचारले.

“तुम्ही ओळखता?”

ती ओळखत होती! त्या आजी गेल्या तीन महिन्यांत तीनदा दुकानी आल्या होत्या. चष्म्याची दांडी सैल झाली, ही तक्रार. ती बसवण्यासाठी ही खाली वाके, आणि आजींची बोटे हिच्या चेहऱ्यावरून फिरत. ‘माफ कर हं पोरी, चाचपडतेय.’ दांडी तर तीनही वेळा घट्टच होती.

“म्हणजे आजींनी माझा चेहरा चोरला!”

“उसना घेतलाय,” चित्रकार म्हणाला. “आता रंगही द्याल?”

कोणतीही शहाणी मुलगी तत्क्षणी माघारी फिरली असती. परंतु त्याच्या उजव्या पापणीवर करड्या रंगाचा एक ठिपका होता, आणि पापणी लवली की तोही लवत होता. अशा मनुष्यास नाही म्हणणे कठीण असते.

एक दिवसाआड ती बसू लागली. खोलीत जवसाच्या तेलाचा गोडसर, उग्र वास भरलेला असे. तो तिच्या गालाकडे पाही, चित्राकडे पाही, आणि बोटाएवढ्या कुंचल्याने तांबूस झिलई अशी फिरवी की जणू काचेवर श्वास सोडला आहे.

“आज बरी आहेस ना?” एकदा तो म्हणाला.

“बरी आहे की,” ती लाजून उत्तरली.

“तुम्हाला नाही... तिला विचारलं. एकटा काम करतो ना, सवय लागलीय.”

“तिला तू, आणि मला तुम्ही?”

“ती लहान आहे. बारा आठवड्यांची.”

ती हसली, पण हसू मध्येच थिजले. चित्रातील ओठांच्या कडा किंचित ओल्या दिसत होत्या. तेल वाळले नसेल, तिने मनाला समजावले. हवाच दमट होती.

तिसऱ्या झिलईनंतर वहिनी म्हणाली, “वन्सं, आरशात पाहिलंत का? चहात दूध जास्त पडावं तशा दिसताय.” पाचवीनंतर दुकानमालक काकांनी ताप पाहिला. ताप नव्हता, उलट हात गार होते. इतके गार की चष्मा बसवताना गिऱ्हाइके दचकू लागली. दुकानात चोहीकडे आरसे. प्रत्येकात ती ओठांचा रंग शोधी, आणि प्रत्येकात तिला तीच राख सापडे. हरवलेला रंग कोठे आहे, हे तिला पक्के ठाऊक होते.

सातव्या झिलईनंतर ती गेलीच नाही.

आठवड्याने चित्रकार दुकानात आला. म्हणाला, डोळे तपासायचेत. तिने त्याला खुर्चीत बसवले आणि भिंतीवरच्या अक्षरांकडे बोट दाखवले.

“सगळ्यात खालची ओळ वाचा.”

त्याने डोळे बारीक केले. “तू... का... येत... नाहीस.”

पडद्यामागे काका खोकले.

“असं लिहिलेलं नाही तिथे,” ती कुजबुजली.

“मला तसंच दिसतंय. खूपच बिघडलेत बहुतेक.”

मग तिने सारे सांगितले. “माझा रंग उतरतोय आणि तिचा चढतोय. हसू नका! आणि तुमचा जीव तरी कुणावर आहे? ती आधीची. मी मागाहून आलेली.”

तो हसला नाही. “आज जाऊन खरवडून टाकतो.”

“आणि आजींना काय सांगाल? मुलगी दुसऱ्यांदा गेली म्हणून?” तिने अक्षरांवरचा दिवा विझवला. “नको. गुरुवारी मीच येते. माझा चेहरा मीच परत मागते.”

गुरुवार उजाडला. ती पोहोचली तेव्हा आजी चित्रासमोर उभ्या होत्या. चित्र पूर्ण वाळले होते, आणि असे टवटवीत दिसत होते की खोलीतील तिघा माणसांपेक्षा तेच अधिक जिवंत वाटावे. आजींनी काठी भिंतीला टेकवली व दोन्ही हात कापडावर ठेवले. बोटे कपाळावर गेली. गालावर गेली. पुन्हा कपाळावर आली.

“नाक कुठंय रे?”

“तिथेच आहे, आजी. तुमच्या बोटाखाली.”

“इथं तर सपाट आहे.” त्यांचा आवाज चिरकला. “लोक म्हणतात, चित्रात माणूस जिवंत उभा राहतो. मला वाटलं... हात लावला की...”

चित्रकाराची मान खाली गेली. अकरा आठवडे तो तळहातावर चेहरा घेत राहिला, पण पाहण्याचे सुख ज्यांनी कधी जाणलेच नाही त्यांना चित्र म्हणजे काय वाटत असेल, हा प्रश्न त्याला शिवलाही नव्हता!

तरुणी मागायला आली होती, ते शब्द तिच्या ओठांतच राहिले. ती पुढे झाली, आजींचा हात तिने हाती घेतला आणि आपल्या गालावर ठेवला.

आजींची बोटे आनंदाने धावली — आणि झटक्यात थांबली.

“गार! अगं बाई, गार आहे ही... शेवटी अश्शीच गार होती माझी पोर!”

तिला म्हणायचे होते, आजी, मी जिवंत आहे. पण जीभ हलेना. खोली लांब जाऊ लागली. समोरच्या चित्रातील डोळे मात्र स्वच्छ, ओले, तिच्यावर रोखलेले होते.

रंग कालवायची पाटी खाली आदळली. चित्रकाराने तिचा हात घट्ट धरला.

“ही तुमची नाही, आजी! सोडा हिला. ऐक, माझ्याकडे बघ. त्या चित्राला मी विचारायचो आणि उत्तरही मीच द्यायचो. तू पहिल्याच दिवशी चिमटा काढायला निघालीस. मला तू हवी आहेस. ती नाही... तू.”

तिच्या तळहातातून काहीतरी ऊन ऊन वर चढले, मनगटातून खांद्यात, खांद्यातून मानेत.

“थांबा,” आजी पुटपुटल्या. गालावरचे बोट निश्चल झाले होते. “तापला. गाल तापला.” काळ्या चष्म्याखालून एक थेंब ओघळला. “माझ्या पोरीचे नाही तापले पुन्हा. किती चोळले मी, किती वेळ चोळले... नाही तापले. गेली ती. वीस वर्षं झाली, गेलीच की ती.”

आजींनी पदराने नाक पुसले, आणि मग मान जराशी कलती करून विचारले,

“काय रे, हात धरलायस का हिचा?”

“हो... सोडतो, आजी.”

“सोडू नकोस,” आजी म्हणाल्या. “मला कुठं दिसतंय!”