धुवायचा नव्हता तो स्वेटर

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते फक्त कमरेखाली. वरचा अर्धा माणूस वॉशिंग मशीनच्या पोटात होता आणि आतून एक शिवी घुमत होती, अगदी आपल्या भाषेतली! परक्या देशात आठ महिने आपला एक शब्द कानावर पडला नव्हता, आणि पडला तो हा. माझ्या हातून बादली सुटली.

"कोण आहे?" मशीन बोललं.

"ज्या मशीनच्या सात पिढ्यांचा तुम्ही आत्ता उद्धार केलात ना, ते मी चालवते."

बाहेर यायच्या घाईत त्याने डोकं आपटलं. गालावर काळं ग्रीस, आणि डोळे... जाऊ दे.

"माफ करा हां, ताई—"

"ताई म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"ते... बघू."

पोरींनो, हसू नका. म्हातारी थोडं फेकते हे मान्य, पण एवढं खरं आहे.

ते बालगृह होतं. एकतीस मुलं, बासष्ट मोजे, आणि एकाचीही जोडी जुळत नसे. दुपारी खिडकीबाहेर पाऊस भुरभुरायचा आणि आत गरम चादरींची वाफ. तो वास अजून नाकात आहे माझ्या. बरीचशी मुलं दूरदेशीच्या आईबापांकडे दत्तक जायची. तिथे एक रीत होती. आईबाप यायच्या आधी त्यांचा अंगावर वापरलेला एखादा कपडा टपालाने यायचा. तो मुलाच्या पाळण्यात ठेवायचा, म्हणजे माणसं येण्याआधी त्यांचा वास ओळखीचा होतो.

त्या दिवशी मुंगीसाठी स्वेटर आला होता, तो मी धुण्याच्या टोपलीवरच ठेवला होता. मुंगी अडीच वर्षांची, मुंगीसारखीच चिकट. माझी मांडी सोडून कुणाकडे जात नसे. आधी एक जोडपं आलं होतं. मुंगीने असा काही आकांत मांडला की बिचारी रिकाम्या हातांनी परत गेली. आता हे दुसरं जोडपं येणार होतं... तिसरं कोण येणार होतं?

"झालं दुरुस्त," मिस्त्री म्हणाला. "टाका काहीतरी, चालवून बघू."

माझे डोळे भलतीकडे होते. टोपलीतलं वरचं जे हाताला लागलं ते मी आत कोंबलं. तासाभराने दार उघडलं तर मोहरी रंगाचा स्वेटर, स्वच्छ, फुलासारखा सुगंधी! मी तो नाकाशी धरला, माणसाचा वास पार गेला होता.

"एवढं काय झालं?" त्याने विचारलं. मी रडत रडत सांगितलं.

"हात्तिच्या! ते यायला अजून वेळ आहे ना? आठ रात्री मी घालतो. माणसाचा वास तो माणसाचा वास."

आणि मी, शहाण्या आईबापांची लेक, हो म्हणाले!

नवव्या दिवशी स्वेटर पाळण्यात ठेवला, आणि मुंगीला तो भारी आवडला. त्यात नाक खुपसल्याशिवाय झोपायची नाही. तिला झोप लागली की मीही एकदा... बरं, रोजच.

मग ते जोडपं आलं. बाप ताडमाड, एवढा की दारातून त्याला दोन हप्त्यांत आत यावं लागलं असतं. आई हातातल्या बाहुलीचे केस सारखे नीट करत होती. मुंगीने हवा हुंगली, दुडुदुडु धावली, दोघांच्या मधून गेली आणि कोपऱ्यात शिडीच्या खालच्या पायरीवरून दिवा बसवणाऱ्या मिस्त्रीच्या पायाला चिकटली.

बाहुलीचे केस नीट करणारा हात थांबला.

"हे काय?" बालगृहाच्या मोठ्या बाईंनी विचारलं.

"स्वेटर मी धुतला," मी म्हणाले.

"मी धुवायला लावला, आणि आठ रात्री घातलाही मीच," तो शिडीवरून म्हणाला. "तिला बोलू नका."

जोडप्याबरोबर आलेल्या दुभाष्याने त्यांना सगळं सांगितलं. बापाने मुंगीकडे पाहिलं. मग त्याने मिस्त्रीच्या डगल्याकडे बोट दाखवलं... मिळेल का?

चार दिवस तो ताडमाड माणूस मिस्त्रीचा तेलकट डगला घालून बालगृहात फिरला. बाह्या कोपरापर्यंतच येत होत्या. बायको त्याला चिकटून बसायची आणि मिस्त्री रोज दोन हात लांब सरकायचा. पहिल्या दिवशी मुंगीने डगल्याचं बटण ओढलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या मांडीवर झोपली. चौथ्या दिवशी त्याने डगला काढून ठेवला, तरी मुंगी मांडीवरून उतरेना! मग आईने हात पुढे केले आणि ती तिच्याकडेही गेली.

निरोपाच्या सकाळी फाटकाशी आम्ही दोघं उभे होतो. मुंगी आईच्या खांद्यावर बाहुलीशी बोलत होती. गाडी वळेपर्यंत तिने एकदाही मागे पाहिलं नाही.

"बघितलंसुद्धा नाही गं तिने," मी पदराने नाक पुसत म्हणाले. गं कुणाला म्हणाले, कोण जाणे.

"म्हणजे काम नीट झालं."

"मग तुमचे डोळे का असे?"

तो फाटकाची कडी उगाच वरखाली करत राहिला. "तुमचा करार उन्हाळ्यात संपतो ना? तुम्ही... जाताना तरी मागे बघाल?"

"गेलेच नाही तर?"

त्याने हात पँटला पुसले, स्वच्छ होते तरी पुसले, आणि मग माझा हात धरला.