दोन काचांमधलं धुकं

"माझ्या आईला मारलं हो साहेब, आन् तिच्या हातातल्या पाटल्या नेल्या!" फोनवरचा माणूस ओरडला. पत्ता विचारल्यावर त्याने पुन्हा तेच सांगितलं. फक्त या वेळी पाटल्या आधी आल्या आणि आई नंतर.

उपनिरीक्षक प्रेमानंद खिल्लारे यांनी पुढ्यातले पोहे बाजूला सारले. सकाळी सकाळी माणसांची घाण बघायला जायचं म्हणजे पोटात काही नसलेलंच बरं, असं त्यांचं मत होतं.

घर वसमतच्या बाहेर, मोठ्या रस्त्याला लागून. पुढे दुमजली बंगला, मागे फोन करणाऱ्या बालाजीशेटची पत्र्याची शेड. शेडमध्ये हळद पॉलिश करायचे मोठे लोखंडी ढोल गरगर फिरायचे आणि वाळलेल्या हळकुंडांची पिवळी पूड सगळ्या आवारावर बसायची. लिंबाचं झाड पिवळं, भिंत पिवळी, कोपऱ्यात झोपलेलं कुत्रंसुद्धा पिवळं. खिल्लारेंच्या घशात खवखवलं. हवालदार हरिचंद शिंकतच त्यांच्या मागून आत गेला.

शेटच्या आईची, सखुबाईची, खोली मागच्या बाजूला होती. खिल्लारेंनी आत जाऊन दार लावलं आणि ढोलांचा खडखडाट एकदम थांबला. त्यांना वाटलं, ढोलच बंद केले. दार किलकिलं केलं तर आवाज पुन्हा कानावर आदळला.

खोलीत एसीचा गारवा होता. फरशी पांढरीशुभ्र, चादर पांढरी. फिनेलचा आणि अंथरुणाला खिळलेल्या शरीराचा वास मात्र जाता जात नव्हता. म्हातारी पलंगावर मान खिडकीकडे करून पडली होती. ओठ निळे, उशी खाली जमिनीवर. दोन्ही मनगटांवरची कातडी सोलवटली होती. साबण लावायचीही तसदी कोणी घेतली नव्हती. पाटल्या नुसत्या खेचल्या होत्या.

खिल्लारेंनी नजर खिडकीकडे वळवली. चांगली रुंद खिडकी होती, पण काच पार धुकटलेली. बाहेरचं झाड म्हणजे नुसता हिरवट डाग. खिल्लारेंनी खिशातला पांढरा रुमाल काढून काच पुसली. धुकं तसंच राहिलं. रुमालही पांढराच राहिला. वाफ बाहेरच्या बाजूने असेल, असं म्हणत त्यांनी खिडकीची मूठ ओढली. तिला कुलूप होतं.

"साहेब, हे बघा." हरिचंदने दाराआडच्या खुंटीवरची कापडी पिशवी खाली घेतली होती. आत एक जेवणाचा डबा, एक साडी आणि साडीच्या घडीत सोन्याची एक पाटली. खिल्लारेंनी ती रुमालात धरून उचलली. पाटलीच्या नक्षीत अडकलेलं काहीतरी रुमालाला लागलं. त्यांनी ते बघितलं, हुंगलं आणि रुमालाची तेवढी बाजू आत दुमडली.

"पिशवी कोणाची?"

"सपनाची. म्हातारीचं सगळं करायला ठेवलेली पोरगी. शेट म्हणतो तिनंच केलंय. स्वैपाकघरात बसवून ठेवलीय."

बालाजीशेट बैठकीत सोफ्यावर बसला होता. गळ्यात सोन्याचा गोफ, पायात पांढरे मोजे. बायको-मुलं पुण्याला गेलेली, घरात आई, तो आणि सपनाच. तो रडत होता, पण डोळे कोरडे होते. मधेच फोन वाजला तेव्हा रडणं थांबवून त्याने हळदीचा भाव सांगितला आणि पुन्हा सुरू केलं.

"तुम्ही काय पाहिलंत?" खिल्लारेंनी विचारलं.

"सगळं पाहिलं साहेब, ह्या डोळ्यानं. सकाळी शेडमधून घराकडं येऊन राहिलो व्हतो. तेवढ्यात आईचा आवाज आला. 'सोड गं, सोड' म्हणून ओरडून राहिली व्हती."

"ढोल चालू असताना ऐकू आलं?"

"न्हाई, ढोल बंद व्हते तवा. माल भरून राहिले व्हते. म्हणून तर ऐकू आलं."

"मग?"

"पळत खिडकीपाशी गेलो. काचंवर वाफ धरली व्हती. ही अशी दस्तीनं पुसली." त्याने गळ्याभोवतीचा मोठा रुमाल हवेत फिरवून दाखवला. "आन् बघतो तर सपना आईच्या हातातल्या पाटल्या ओढून राहिली! मग तिनं उशी घेतली न् तोंडावर..."

"काच का नाही फोडली?"

शेटचा चेहरा दुःखातही उजळला. "ती काय साधी काच हाय का साहेब? नांदेडहून माणसं बोलावून बसवली. दोन काचा, मधी कोरडी हवा बंद केलेली. हळदीचा एक कण आत येत न्हाई. आवाज न्हाई, गरमी न्हाई. आईला तकलीफ नको म्हणून येवढं केलं."

"किती मायेचे आहात," खिल्लारे म्हणाले. "मग?"

"गोल फिरून दारातून आत गेलो तवर सगळं संपलं व्हतं. ती वर गच्चीत पळाली, कपडे वाळत घालायचं नाटक करत."

"खिडकीला कुलूप कशाला?"

"आई म्हातारी झालती, डोक्यावर परिणाम. उघडून काय करंल भरोसा न्हाई." त्याने खिशावर हात ठेवला. "चावी माझ्यापाशीच असती."

पलंगावरून कूस न बदलू शकणारी बाई खिडकी उघडून काय करणार होती, हे खिल्लारेंनी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो काहीतरी बोलला असता आणि ते ऐकावं लागलं असतं.

स्वैपाकघरात सपना भिंतीला टेकून बसली होती. पंचविशीची, हडकुळी, साबणाच्या पाण्याने बोटांना भेगा पडलेल्या. आपण आता तुरुंगात जाणार हे तिने जवळपास धरूनच ठेवलं होतं. शेटचा शब्द आणि तिचा शब्द यांचं वजन गावात कोण कसं करतं, हे तिला माहीत होतं.

"पाटली तुझ्या पिशवीत सापडली."

"मला न्हाई ठावं साहेब. म्या चादरी घेऊन गच्चीत गेल्ते. पिशवी खुंटीलाच व्हती."

"पाटल्यांवरून कधी काही झालं होतं?"

ती घुटमळली. "आजी सगळ्यांसमोर म्हनायच्या, पाटल्या सपनाला देईन, ती माझं हागमूत काढती. परवा शेटसमोरबी म्हनल्या. म्या म्हनलं मला नको. म्या घेतल्या असत्या तर मागून घेतल्या असत्या ना? मारायचं काहून?"

"शेट आईजवळ बसायचा?"

"दारातून इचारायचा, हाय का अजून. वास येतो म्हनून आत न्हाई यायचा. लई दिवस झाले."

"खोली तूच साफ करायचीस? खिडकीपण?"

"व्हय. खिडकीचं रबर ओल्या फडक्यानं पुसायचं, एसीच्या गारव्यानं खालच्या पट्टीत जमलेलं पानी टिपायचं. पट्टीला पानी जायाला भोकं हायेत, पर त्यात लांबी, ती काचा बसवायची पुट्टी, भरून बुजवून टाकली. पानी साचून घान वास सुटायचा. एकदा शेडकडून जाऊन म्या पिनेनं ती लांबी उकरली, तर शेट असा खवळला! दुसऱ्या दिवशी सोता उभं राहून परत भरून घेतली."

"का?"

"ते न्हाई सांगितलं. आन् काच तर म्या रोजच पुसायची. आजी म्हनायच्या, पूस गं, लिंब दिसंना. त्यांचं समाधान." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं होतं ते, गालावरून खाली आलं.

खिल्लारे शेडकडे गेले. त्यांनी ढोल बंद करायला लावले. शेडमधल्या शेटच्या गादीशेजारी शिवलेल्या पोत्यांत एकच पोतं न शिवलेलं होतं. हळकुंडं निवडणाऱ्या बायांमध्ये भिकाबाई सगळ्यात जुनी होती. तिची बसायची जागा खिडकीपासून हाकेच्या अंतरावर.

"सकाळी ढोल थांबले होते तेव्हा म्हातारीचा आवाज आला?"

"न्हाई बा. पहिलं यायचा. ढोल थांबले की त्या खालच्या भोकातून बारीक ऐकू यायचं. 'पानी द्या गं कुनी' म्हनायची. म्या एकदा शेटला जाऊन सांगितलं. तवापासून बंद झाला आवाज." भिकाबाईने पदर नाकाला लावला. "आमाला वाटलं, पानी द्यायला लागले."

खिल्लारे खिडकीपाशी आले. वर पत्र्याची पडवी असल्यामुळे पावसाचा थेंब तिथे पोचत नव्हता. रुमालाची कोरी बाजू त्यांनी काचेवर फिरवली. रुमाल पिवळाधमक झाला. पण काच काही निवळली नाही.

"हरिचंद, आत जा. दार लाव. पलंगापाशी उभा राहा आणि हातात काहीतरी धरून मला हाका मार. जीव खाऊन मार."

हरिचंद आत गेला. खिल्लारे काचेला नाक लावून उभे राहिले. आत एक खाकी डाग हलला, एवढंच. बाकी सगळं चिडीचूप. हरिचंद बाहेर आला तेव्हा त्याचा घसा बसला होता.

"किती वेळा हाक मारलीस?"

"घसा फाटंस्तोवर, साहेब. तांब्यापण हलवून दाखवला."

"तांब्या होता होय," खिल्लारे म्हणाले. "सगळ्यांना इथे बोलाव."

शेट आला. सपनाला आणलं. बाया शेडच्या दारात गोळा झाल्या.

"शेट, तुमची दस्ती द्या. सकाळी पुसली तशी काच पुसून दाखवा."

बालाजीने काच पुसली. पुन्हा पुसली. मग जोर लावून घासली. धुकं जागचं हललं नाही.

"आतून असंल वाफ," तो म्हणाला.

"आतून मी पुसली. जात नाही. ही वाफ दोन्ही काचांच्या मधे आहे. तुम्हीच सांगितलंत, मधे कोरडी हवा बंद केलेली असते. ती आता कोरडी राहिली नाही. कडेचं सील गेलं, ओल आत शिरली. ही काच बदलावी लागते. पुसून ती कधीच स्वच्छ होत नाही. मग तुम्ही सकाळी कुठून पाहिलंत?"

शेट पुन्हा दस्तीने काच घासायला लागला.

"आणि आवाज? हरिचंद आतून ओरडून दमला, मला चकार शब्द ऐकू आला नाही. तुम्हाला त्या मरणाऱ्या बाईचं 'सोड गं' ऐकू आलं. आलंच असेल, कारण तुम्ही आत तिच्या उशाशी होतात. 'गं' नसेल म्हणाली ती. 'सोड रे' म्हणाली असेल."

शेडच्या दारात कोणीतरी हुंदका दिला.

"सपना गच्चीत गेली. तुम्ही आत शिरलात, पाटल्या ओढल्या. म्हातारी ओरडायला लागली म्हणून उशी दाबली. पाटल्या आणून हळदीत लपवल्या. मग वाटलं, कोणावर तरी ढकलायला हवं. त्यातली एक काढून सपनाच्या पिशवीत टाकलीत." खिल्लारेंनी रुमालाची दुमडलेली बाजू उघडली. "पाटलीच्या नक्षीत हळदीची पूड होती. आईच्या मनगटावरून थेट त्याच खोलीतल्या पिशवीत गेलेल्या पाटलीला हळद कुठून लागली?"

"वसमतमधी हळद कुठं न्हाई साहेब!"

"या खोलीत नाही. एक कण आत येत नाही, हे तुम्हीच मला कौतुकाने सांगितलंत. हरिचंद, शेडमधल्या शेटच्या गादीशेजारचं ते न शिवलेलं पोतं उलटं कर."

हळकुंडं खळाखळा जमिनीवर सांडली. त्यात एक पिवळी वस्तू वेगळ्या आवाजात पडली. ती उचलायला कोणी पुढे आलं नाही.

बालाजीशेटने पायाशी आलेली हळकुंडं पायानेच बाजूला सारली. "दोन वर्सं झाली साहेब," तो कुरकुरला. "मरतबी नव्हती. आन् घरच्या पाटल्या कामवालीला द्यायला निघाली."

खिल्लारेंना वाटलं, याच्या अंगावर थुंकावं. नोकरी होती म्हणून ते थुंकले नाहीत. त्यांनी खाली वाकून पेनच्या टोकाने खिडकीच्या पट्टीतली लांबी उकरली. भोकातून काळं, कुजलेलं पाणी भळभळ बाहेर आलं. त्यात मेलेले किडे होते. बाया मागे सरल्या.

"तिचा आवाज इथून बाहेर जात होता म्हणून तुम्ही ही भोकं बुजवलीत. पाणी आत तुंबलं, सील कुजलं, काच आंधळी झाली. भोकं उघडी ठेवली असतीत तर काच आज स्वच्छ असती आणि तुमचं खोटं मला पकडताही आलं नसतं. जिने रोज ही काच पुसली तिला माहीत होतं की धुकं जात नाही. तुम्हाला माहीत नव्हतं, कारण तुम्ही आईजवळ एकदाही बसला नाहीत."

हरिचंदने बेड्या घातल्या. खिल्लारेंनी शेटच्या खिशातून चावी काढून घेतली आणि सपनाच्या हातात दिली. तिला आधी कळलंच नाही.

"तुला कुठे न्यायचं नाही. जा, तिचं तोंड धू. पंचनामा व्हायचाय, बाकी कशाला हात लावू नकोस." मग त्यांना ते बरोबर वाटलं नाही. "थांब. तोंड नंतर. आधी खिडकी उघड."

सपना आत गेली. थोड्या वेळाने कुलूप खटकलं आणि धुरकट काच बाजूला सरकली. आतून तो वास बाहेर आला. कोणी नाक दाबलं नाही. खिडकीतून आता पलंग दिसत होता, आणि पलंगावर इकडेच मान करून पडलेली म्हातारी.

सपना तिच्या कानाशी वाकली.

"दिसला का आजी लिंब," ती म्हणाली, आणि ते बाहेर सगळ्यांना ऐकू आलं.