पत्त्यातली गळलेली ओळ

बाई आत आली ती पाकीट छातीशी धरूनच. बसा म्हटलं तरी बसेना, पाणी दिलं तरी पेल्याला हात लावेना.

"मला एवढंच शोधून द्या," ती म्हणाली, "आईने मला बोलावलं होतं की नाही?"

चाव्या बनवणाऱ्याच्या दुकानावर वहिनींचं ऑफिस. दारावर 'खासगी चौकशी' अशी पाटी. त्या काही जगाच्या वहिनी नव्हेत, पण मदतीला त्यांचे धाकटे दीर असतात. ते यांना वहिनी म्हणतात, या त्यांना भाऊजी, तर आपणही तसंच म्हणू. भाऊजींनी जन्मभर विम्याच्या ऑफिसात शिक्के मारले आणि निवृत्त झाल्यावर बायकोचं डोकं खायचं सोडून भावजयीचं खायला घेतलं. माणूस सरळ. अक्कल जरा मागून चालत येते, एवढंच.

आलेली बाई तीन भावंडांतली धाकटी. आईच्या मनाविरुद्ध लग्न करून परदेशी गेली, तेव्हापासून मायलेकींत बोलणं बंद. आई नर्सिंग शिकवायची, तिच्या विद्यार्थिनी देशोदेशी पसरलेल्या. आजार हाताबाहेर गेला तेव्हा तिने सगळ्यांना छापील पत्र धाडलं: अमक्या दिवशी घरी या, एकदा भेटून जा.

"लांबलांबून बायका आल्या हो," धाकटी म्हणाली. "मला पत्रच नाही. आई गेल्याचा फोन आला तो थेट. आणि आता हे पाकीट फिरून फिरून परत आलं, दादाच्या ऑफिसात. परतीचा पत्ता तिथला होता."

"मग बोलावलं होतं की!" भाऊजी म्हणाले.

"पत्ता बघा ना. नाव, घर, रस्ता, गाव, गावानंतर कोड. संपलं. देशाचं नावच नाही! दादा म्हणतो, आईनेच मुद्दाम तसं ठेवलं असणार. बोलावल्यासारखं दिसावं, पण पोचू नये. ताईसुद्धा फोनवर हेच सांगायची, आई अजून तुझं नाव काढू देत नाही."

"ताईंना हे पाकीट दाखवलंत?"

"नाही. लग्नबिग्न न करता तिने आईची सेवा केली, आधीच खचलीय बिचारी. मी नाही, दादानेही नाही. तिला पाकीट परत आल्याचंच माहीत नाही."

वहिनींनी पाकीट उजेडाला धरलं. लेबल चारी बाजूंनी सरळ, पट्टी लावून चिकटवल्यासारखं. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, मग परत फिरवला.

"कागद चांगलाच जाड वापरलाय," त्या म्हणाल्या.

भाऊजी कोपरा नखाने उचलायला गेले, तशी त्यांच्या हातावर चापट बसली.

पत्रं ज्याने छापली त्याचं दुकान म्हणजे एक संगणक, दोन प्रिंटर आणि पंख्याखाली फडफडणाऱ्या कागदांच्या थप्प्या. गल्लीत त्याला सगळे मर्जवाला म्हणत, कारण एक मजकूर आणि शंभर पत्ते दिले की मेल मर्ज करून शंभर पत्रं, शंभर लेबलं काढून देणारा तो एकटाच.

"परदेशी पत्त्यांनी माझा घाम काढला," तो म्हणाला. "माझा साचा इथल्या पत्रांचा, त्यात देशाची ओळच नाही. पहिल्या खेपेला एकूण एक परदेशी पत्ता बिनदेशाचा छापला. तशीच शीटं तपासायला आईंच्या घरी पाठवली."

"साध्या कागदावर?"

"छे! कच्ची प्रत मी लेबलाच्याच कागदावर काढतो. साध्यावर ओळी बसतात आणि लेबलावर घसरतात, हात पोळलेत माझे." त्याने एक शीट पुढे केली. वहिनींनी त्यातलं लेबल सोलून बोटांत धरलं. कांद्याच्या सालीइतकं पातळ होतं.

"मग आईंचा फोन आला. असं झापलं मला! म्हणाल्या, पत्र काय ढगात पाठवतोस? मग दुसऱ्या खेपेला साचाच बदलला. शेवटच्या ओळीत देश, ठळक. आणि एक देश असा, तिथे म्हणे कोड गावाच्या आधी लिहितात. मला कुठलं माहीत? त्यांनीच सांगितलं. तिथला एकच पत्ता होता यादीत, धाकट्या बाईंचा, त्यासाठी वेगळा नियम घालून घेतला. तीनतीनदा वाचून घेतला माझ्याकडून."

"अहो, पण मर्जमध्ये एखादी ओळ गळतेच की नाही?" भाऊजींनी विचारलं. त्यांना गुन्हेगार सापडला होता.

"रकाना रिकामा असेल तर गळते, काका. हा बघा, धाकट्या बाईंच्या नावापुढे देश भरलेलाय."

"आणि पहिली चुकीची शीटं?"

"ती कोण परत मागतो! पाकिटं त्यांनी घरीच केली, मी डोळ्यांनीही पाहिली नाहीत."

दादा ऑफिसात भेटला. ढेरपोट्या, घामेजलेला, बोलणं वसवसून अंगावर येणारं.

"मला कशाला विचारता? मी हमाल! शीटं आण, पाकिटं आण. पहिली शीटं चुकली तर आईने ताईकडे दिली, फाडून टाक म्हणाली. दुसरी आणून दिली. लेबलं सगळी आईने स्वतः लावली. हात हा असा थरथरायचा, पण दुसऱ्याला हात लावू देईल तर शपथ. सगळी वाकडीतिकडी. पोस्टातला क्लार्क हसला मला."

"पोस्टात कधी टाकलीत?"

"दुसऱ्या दिवशी. रात्रभर पाकिटं आईच्या घरी टेबलावर. सकाळी गेलो तर आई यादी घेऊन बसलेली. मी एकेक पाकीट उचलून नाव वाचायचं, तिने खूण करायची, मग ते थैलीत. धाकटीचं नाव वाचलं तेव्हा म्हणाली, परत वाच."

"आणि तरी तुम्ही म्हणता, आईंनीच मुद्दाम केलं?"

दादाने मान फिरवली. "मग कोणी केलं? मी? माझं तिच्याशी वाकडं आहे, लपवत नाही. ती मजेत परदेशात, आणि आम्ही इथे दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवायच्या. पण थैली घेऊन मी एकटा सरळ पोस्टात गेलो आणि पाकिटं टाकली."

बाहेर पडताच भाऊजी कुजबुजले, "हाच तो. चोराच्या मनात चांदणं!"

"भाऊजी, चांदणं तुमच्या मनात पडलंय," वहिनी म्हणाल्या. "चला, ताईंकडे."

ताई आईच्याच घरात राहत होती. घर इतकं स्वच्छ की पाऊल टाकायला संकोच वाटावा. आईची खाट अजून तशीच, दाराकडे तोंड करून लावलेली. ताईने खुर्च्या पुसून दिल्या, चहा ठेवला. भाऊजींना साखर चालत नाही हे त्यांच्या तोंडावरून ओळखून बिनसाखरेचा आणला. भाऊजी तिथेच विरघळले.

"धाकटीला पाठवलेलं पत्र पोचलं नाही, पत्त्यात काहीतरी चूक झाली होती," वहिनी म्हणाल्या. "तिच्या मनाला लागलंय. म्हणून विचारत फिरतोय."

"लागणारच हो. पोर ती." ताईने डोळ्यांना पदर लावला. "त्या दुकानवाल्याचाच घोळ. देशाचं नावच नसलं तर पत्र आपल्याच पोस्टात भटकत बसणार नाही तर काय?"

"बरोबर. तुमच्याकडे पहिली शीटं फाडायला दिली होती ना?"

"तेव्हाच फाडली. बघितलीसुद्धा नाहीत. आईला कूस बदलून द्यायची वेळ झाली होती, शीटं कोण बघत बसतं?"

उतरताना भाऊजी म्हणाले, "देवमाणूस हो, वहिनी. असं एक माणूस घराघरात पाहिजे."

वहिनी जिना उतरत राहिल्या. भाऊजींना वाटलं, पटलं असावं.

दोन दिवसांनी तिघं भावंडं त्याच घरात बसली होती. दादा घड्याळ बघत होता. वहिनींनी ताईकडून इस्त्री मागून घेतली आणि भिंतीशी तापत ठेवली.

"मला विचारलं होतं, आईने बोलावलं का," त्या म्हणाल्या. "आधी हे लेबल बघा. कोड गावाच्या मागे, देश नाही. म्हणजे हे पहिल्या खेपेतलं, फाडून टाकायला सांगितलेलं. दुसऱ्या खेपेला आईंनी याच पत्त्यासाठी वेगळा नियम घालून घेतला होता. त्या देशातला तो एकच पत्ता."

"मग आईने जुनं लेबल लावलं," दादा म्हणाला.

"आईंचा हात थरथरत होता, तुम्हीच सांगितलंत. हे लेबल बघा, किती सरळ. आणि जाड आहे. दुकानातलं मी हातात घेऊन पाहिलं, ते कांद्याच्या सालीसारखं. जाड का?"

त्यांनी पाकिटावर रुमाल टाकला आणि वरून इस्त्री फिरवली. गोंद सुटला. लेबल सोलून निघालं आणि खाली दुसरं दिसलं. तिरपं, एक कोपरा दुमडलेला. कोड गावाच्या आधी, शेवटच्या ओळीत ठळक अक्षरांत देश.

धाकटीने तोंडावर हात धरला.

"हे आईंनी लावलेलं. वरचं रात्रीत कोणीतरी लावलं. मर्जवाल्याने नाही, पाकिटं त्याच्याकडे गेलीच नाहीत."

"पण वहिनी," भाऊजींना राहवेना, "पत्र पोचू द्यायचं नव्हतं तर फाडून टाकायचं! ही उठाठेव कशाला?"

"आज प्रश्न वेळेवर विचारलात, भाऊजी. फाडता येत नव्हतं. सकाळी आई एकेका नावावर खूण करणार होत्या. पाकीट तिथे असायला हवं होतं, वर नावही हवं होतं. जुन्या लेबलावर नाव बरोबरच होतं. आता दादांचं घ्या. थैली त्यांच्या हातात, वाटेत ते एकटे. खूण झाल्यावर ते पाकीट गटारात टाकायचं, काम फत्ते. त्यांना लेबलाची गरजच काय? गरज त्याला, ज्याच्या हाती थैली येणार नव्हती. आणि ज्याच्याकडे फाडायची शीटं होती."

कोणी ताईकडे बघितलं नाही. ताईनेही मान वर केली नाही.

"ताई, मी तुम्हाला फक्त म्हटलं, पत्त्यात चूक झाली. पाकीट तुम्हाला कोणी दाखवलं नव्हतं, शीटं तुम्ही बघितली नव्हती. मग या पाकिटावर देशाचं नाव नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

ताईने पदर खांद्यावर नीट घेतला. मग बोलली, तेव्हा आवाजात पाणी नव्हतं.

"मी तिचं सगळं केलं. हगणं-मुतणं काढलं, रात्री उशाशी बसले. आणि ती खाट कुठे लावून घेते? दाराकडे तोंड करून. कोणासाठी? जी सोडून गेली तिच्यासाठी! रोज विचारायची, काय म्हणते ती? मी सांगायचे, काही नाही, खुशाल आहे, आपली आठवण काढत नाही. आणि हिला सांगायचे, आई तुझं नाव काढू देत नाही. ही आली असती तर दोघींनी एकमेकींना विचारलं असतं. मग माझं काय राहिलं असतं या घरात?"

"अगं पण मरणाऱ्या माणसाला..." दादा म्हणाला.

धाकटी उठून ताईसमोर उभी राहिली. "मी आले नाही, तेव्हा आईला काय सांगितलंस?"

"पत्र मिळालं म्हणते, पण येणार नाही."

"आई काय म्हणाली?"

"म्हणाली, बरोबरच केलं तिने. मीच कोणत्या तोंडाने बोलावलं." ताईने हात झटकले, काही लागलेलं असावं तसे. "मग कूस भिंतीकडे केली. परत विचारलं नाही."

धाकटीने टेबलावरचं पाकीट उचललं, त्या तिरप्या लेबलाकडे बघितलं.

"बोलावलं नसतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "नुसती रागावून राहिले असते मी. तेवढं जमलं असतं मला."

"माझ्यावर रागव," ताई म्हणाली. "खुशाल रागव."

"तुझ्यावर? तू कोण माझी?"

ती बूट घालून बाहेर पडली. दादाही उठला, ताईच्या अंगावरून तिच्याकडे न बघता गेला. ताई जागची उठली नाही. ती आईच्या खाटेवर बसून होती, दाराकडे तोंड करून, आणि दार त्या दोघांनी जाताना लावून घेतलं होतं.