बंधाऱ्यावरचा हात

सकाळी सातला नीन्के कामावर निघायची, तेव्हा गाव झोपेतच असायचं. हिवाळ्यात साडेआठशिवाय उजाडत नाही. सायकलचा दिवा लावायचा, हातमोजे दातांनी ओढून घट्ट करायचे आणि समुद्राच्या बंधाऱ्यावर चढायचं. तिथून पुढच्या गावातल्या हार्मेनच्या बेकरीपर्यंत उजवीकडे समुद्र, डावीकडे मेंढ्यांची कुरणं आणि समोरून वारा.

गेल्या हिवाळ्यापर्यंत ती एकटी नसे. डीवर मावशी, तिच्या आईची थोरली बहीण, त्याच बेकरीत कामाला होती. वारा फार झाला की मावशी शेजारून सायकल चालवता चालवता आपला रुंद पंजा नीन्केच्या पाठीवर ठेवी आणि तिला पुढे ढकली. लहान मुलांना असंच वाऱ्यातून नेतात. नीन्के एकोणीस वर्षांची झाली तरी मावशीची ती सवय सुटली नव्हती.

“पेडल मार की गं! मी काय तुझी मोटर आहे?”

“मावशी, लोक बघतायत.”

“कोण लोक? मेंढ्या?”

ऑक्टोबरात मावशी आजारपणात गेली. नीन्के तेव्हा रडली नाही. तिला रडूच आलं नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी वारा असा अंगावर आला, की उतरून चालत जावं असं तिला वाटलं. तेवढ्यात पाठीवर हात टेकला. कोटाच्या आतपर्यंत पोचणारा, ओळखीचा दाब. सायकल अलगद पुढे निघाली, जणू रस्ताच तिच्याखालून सरकत होता. मागे वळून पाहिलं तर हात निघून जाईल, म्हणून तिने पाहिलं नाही.

त्यानंतर तो रोज येऊ लागला. नीन्के त्याच्याशी हळू आवाजात बोले, आईची सर्दी, बेकरीतल्या गमती, काय वाटेल ते सांगे.

“आजही धाप नाही?” हार्मेन भट्टीतून पाव काढता काढता विचारी. “चोरून बॅटरीची सायकल घेतलीस की काय?”

“नाही हो काका.”

“मग वारा घाबरत असेल तुला.”

ती हसे. घरी मात्र कुणाला काही सांगत नसे. सांगितलं की संपेल, अशी भीती वाटे.

मग एका सकाळी वारा पडला. धुकं इतकं दाट होतं की दिव्याचा उजेड समोर कापसासारखा साचून राहत होता. धुकं कोटावरच गोठत होतं, बाह्यांवर पांढरी लव उगवत होती. कुठेच आवाज नव्हता. आणि पाठीवर हात टेकला.

“आज कशाला, मावशी? वारा कुठाय?”

हात तसाच राहिला. आज तो गार होता. मावशीच्या अंगाला नेहमी दालचिनीचा वास यायचा. आज मागून ओहोटीच्या चिखलाचा वास येत होता.

पंपघराचा दिवा धुक्यात पिवळा दिसू लागला. तिथे डावीकडे वळायचं. सरळ गेलं तर जुना धक्का, होड्या उतरवायचा, पाण्यात उतरत जाणारा. पूर्वी तिथे मुलं बुडाली होती, तेव्हापासून तिकडे कुणी फिरकत नसे.

“सोड आता... वळायचंय मला.”

सायकलचा वेग वाढला. तिने पेडल उलटं दाबलं. ब्रेक लागला, चाक थांबलं, तरी सायकल बर्फावरून घसरत पुढेच जात राहिली. पाठीवर आता एक हात नव्हता. खांद्यांवर, कमरेवर, सगळीकडे... लहान लहान.

“मावशी...?”

तेव्हाच समोरून छातीवर जोराचा धक्का बसला. वारा आदळावा तसा, पण धुकं जरासुद्धा हललं नाही. नीन्के कुशीवर गवतात पडली. सायकल एकटीच उतारावरून गेली आणि आवाज न करता पाण्यात शिरली. तिचा दिवा बराच वेळ खोलवर तेवत होता.

ती चालत बेकरीत पोचली, तेव्हा हार्मेन ओरडायच्या तयारीत होता. तिचा चेहरा पाहून त्याने स्टूल पुढे ओढलं.

“पडलीस होय? बस इथे, भट्टीजवळ.” मग तिच्या कोटाकडे बघत तो म्हणाला, “हे कुणी केलं गं?”

तिने खाली पाहिलं. छातीवरच्या पांढऱ्या लवेत एका रुंद पंजाची जागा तेवढी कोरडी, काळी होती. कुणीतरी समोर उभं राहून अडवावं तशी. नीन्केने त्यावर आपला हात ठेवला. तो त्यात सहज मावला. मग ती रडली, ऑक्टोबरपासूनचं सगळं.

उबेने ती लव विरघळली आणि पंजाही विरून गेला.

“हे नाही म्हणत मी,” हार्मेन हळूच म्हणाला. तो तिच्या मागे उभा होता. “पाठीवर...”

त्याने कोट उतरवून भट्टीच्या दाराशी टांगला. दुपारी पाव संपले, भट्टी लाल होऊन पुन्हा काळी पडली. कोटाच्या कडा कडकडीत वाळल्या होत्या. पाठीवरचे चिमुकल्या हातांचे ठसे मात्र अजून गोठलेलेच होते.