ढवळ्या पुन्हा ढवळा झाला

भट्टीच्या काचेतून मनवाने आत पाहिले. उकळून, मेद काढून शंखासारखी पांढरी केलेली ढवळ्याची हाडे कोळशासारखी काळीठिक्कर पडली होती! तिने घाईघाईने बटण बंद केले आणि तिथेच फतकल मारून बसली.

ढवळ्या म्हणजे आबांचा म्हातारा बैल. चैत्रात तो देवाघरी गेला. त्याच आठवड्यात त्याच्या जोडीदाराचा, पवळ्याचा, पाय मोडला. हाडाचा चुरा होऊन मध्ये दोन बोटांची फट राहिली होती. ती भरली नाही, तर पवळ्या पुन्हा उभा राहणार नव्हता. जनावरांचे डॉक्टर असलेले आबा म्हणाले होते, त्याला ढवळ्याच उभा करील.

"आबा, सगळं जळलं," मनवा पुटपुटली. नंदी नावाच्या यंत्रमानवाने मान डोलावली. तो कशालाही डोलवायचाच.

आबा रागावले नाहीत. "घाई केलीस, बाळा. समई नीट पेटायच्या आधी काजळी धरतेच ना?"

मग त्यांनी सांगितले. हाडात दोन गोष्टी असतात, लवचीक धागे (प्रथिने) आणि कठीण खनिज. तापवल्यावर आधी धागे करपतात. तोच हा काळा रंग. नऊशे अंशांवर हवेतला प्राणवायू ती काजळीही जाळून नेतो. रोगजंतू तर उरतच नाहीत. मागे राहते ते हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट (कॅल्शियम आणि फॉस्फेटचे खनिज). आपल्या दातांतही तेच असते.

"मग त्यात ढवळ्या उरतो का?"

"त्याची जाळी उरते," आबा म्हणाले. " धागे नि रक्तवाहिन्या होत्या तिथे बारीक बारीक वाटा. पवळ्याचं हाड त्याच वाटांनी आत शिरेल."

भट्टी पुन्हा लागली. दुसऱ्या दिवशी दार उघडले तेव्हा आत दुधासारखा शुभ्र तुकडा होता. मनवाने नकळत हात जोडले. आबांनी तो तुकडा पवळ्याच्या पायात बसवला.

पोळ्याला पवळ्या झूल घालून चार पायांवर चालला. नंदीने पायाचे क्ष-किरण चित्र दाखवले; जाळीत नवे हाड भरले होते. जांभळीपाशी येताच पवळ्या थांबला आणि खोडाला मान घासू लागला. आजवर तिथे ढवळ्याच थांबायचा.

"वाण नाही, पण गुण लागला," मनवा हसून म्हणाली.

"वाणही लागलाय," आबांनी चित्रातल्या ढवळ्याच्या हाडाच्या पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवले.

भट्टीच्या दारावर आता मनवाच्या अक्षरात एक चिठ्ठी आहे. पुढे इथे जो कोणी शिकायला येईल त्याच्यासाठी: काळे दिसले, तर थांबू नका.