हात घालू?

ही गोष्ट नुसती ऐकीव नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याच्या उजव्या हाताचं जे उरलं होतं, ते मी स्वतः टॉवेलात गुंडाळून दवाखान्यात नेलंय.

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. तिखटमीठ लावायला मी काही शिकलेला माणूस नाही. वायरमन आहे.

दिवस बुधवार. वेळ दुपारी एक वाजून दहा मिनिटं. भर उजेड.

जागा, पत्र्याचे डबे बनवणाऱ्या आमच्या कारखान्यातली कॉम्प्युटरची खोली.

त्या खोलीत मेहुणा बसायचा. सगळे त्याला पिंग्या म्हणायचे, कारण दिवसभर त्याचं एकच काम, पिंग मारायचं. पिंग म्हणजे हाक. इथून एखाद्या यंत्राच्या नंबरावर हाक टाकायची. यंत्र चालू असेल तर ओ देतं. बंद असेल तर... गप्प.

पिंगसारखी ही कॉम्प्युटरची अवजारं फुकटची. लिनक्स नावाच्या फुकट सिस्टीमवर चालणारी.

पत्रा दाबणाऱ्या प्रेसवरचे फिटरदादा त्याला चिडवायचे, "पिंग्या, तुझ्या फुकटच्या अवजारांच्या भरवशावर माझे दोन हात आहेत, बरं का."

"फुकटचं नको म्हणू, दादा. उघडं म्हण. आतला शब्द न् शब्द कुणीही वाचावा. लपवाछपवी नाही."

"म्हणजे माझ्या साडूपेक्षा बरं."

प्रेस दीडशे टनांची. तिच्या आवाजात फोन ऐकू येत नाही. म्हणून दोघांनी नेटकॅट नावाच्या अवजारानं दोन स्क्रीन जोडल्या होत्या, एक प्रेसजवळची, एक पिंग्याची. इकडे लिहिलं की तिकडे उमटायचं.

साचा साफ करायचा असला की दादा लिहायचे, "हात घालू?"

पिंग्या खोलीबाहेरच्या बोर्डावरचा खटका पाडायचा, म्हणजे प्रेसची वीज बंद. मग खात्रीसाठी प्रेसला पिंग मारायचा. ओ नाही आली की लिहायचा, "घाल."

पाच वर्षं हे असंच चाललं. आणि मग एके दिवशी...

दादांनी विचारलं, "हात घालू?"

पिंग्या फोनवर बोलत होता. खटका पाडला की नाही, त्याला आठवेना. उठून बघायचं तर पंधरा पावलं.

तो उठला नाही. बसल्या जागी पिंग मारलं.

ओ नाही.

त्यानं लिहिलं, "घाल."

खटका वरच होता, वीज चालू. आणि ओ का आली नाही? आदल्या संध्याकाळी त्यानंच प्रेसच्या कंट्रोलच्या पेटीला सांगून ठेवलं होतं, बाहेरून कुणी हाक मारली तर उत्तर देऊ नको. कुणी चोर घुसू नये म्हणून. आणि गडी तेच विसरला.

दादांचा पाय पेडलवर पडला.

दोन्ही हात, कोपरापर्यंत. साचा वर घ्यायला जॅक लावावा लागला. हाडांचा चुरा झाकणांच्या नक्षीत बसला होता. दवाखान्याची गाडी येईपर्यंत दादा पांढरे पडले होते. जीव जाईपर्यंत एकच विचारत होते, "घाल म्हणाला ना? घाल म्हणाला ना?"

त्या गोंगाटात ते कुणाला कळलं नाही. ऐकलं फक्त पिंग्यानं.

आणि त्यानं काय केलं? खोलीत परत गेला. दोन्ही स्क्रीनवरचं लिहिलेलं पुसून टाकलं. चौकशीत सांगितलं, "मला विचारलंच नाही त्यांनी."

दादांचा निष्काळजीपणा, असं कागदावर आलं.

वहिनी, म्हणजे दादांची बायको, एकदा त्याच्या खोलीत आली. "भाऊजी, ते न विचारता हात घालणारे नव्हते हो. तुम्हाला काही माहीत आहे का?"

"नाही, वहिनी."

सहा महिने गेले. प्रेस भंगारात गेली. तिच्या तारा मी माझ्या हातानं कापल्या. तिची पेटी पिंग्याच्या कपाटात पडून होती. ना वीज, ना वायर.

आता तो बुधवार.

नवी प्रेस येणार होती. तिला जुनाच नंबर द्यायचा होता. द्यायच्या आधी तो नंबर कुणी वापरत नाही ना, हे हाक मारून बघतात. रीतच आहे ती.

जेवणाची सुट्टी. सगळी यंत्रं गप्प.

पिंग्यानं जुन्या नंबरावर हाक टाकली.

आणि...

ओ आली.

त्यानं कपाट उघडलं. पेटीवर धूळ. वायर नाही.

स्क्रीनवर ओळी येतच होत्या. ओ यायला किती वेळ लागला, ते प्रत्येक ओळीत असतं, मिलिसेकंदांत. लांबचं यंत्र जास्त वेळ घेतं.

नऊशे.

सातशे.

चारशे.

कुणीतरी चालत यावं तसं.

त्यानं दुसरं अवजार लावलं, तारेवरून काय येतंय-जातंय ते दाखवणारं. त्यात...

काहीच नाही. तार रिकामी. आणि ओ मात्र येतेय.

नव्वद.

दहा.

मग शून्याच्या पुढे टिंब, शून्य, चार. एवढ्या लवकर ओ देतं ते फक्त आपलंच यंत्र, आपण स्वतःलाच हाक मारली तर.

म्हणजे जे येत होतं ते पोचलं होतं. याच खोलीत.

नेटकॅटची खिडकी उघडली. त्यानं उघडली नव्हती.

"हात घालू?"

पुसलेलं कुठून आलं?

"हात घालू?"

त्यानं लिहिलं, "नको."

मग...

"तेव्हा काय म्हणालास?"

तो लिहिणार होता, चुकलो. एवढं लिहिलं असतं तरी... पण बोटं पुसायच्या बटणाकडे गेली. सवय.

मी डबा घेऊन दारातच होतो. आवाज ऐकला. धड्डाम. प्रेसचा आवाज. पाच वर्षं ऐकलाय, चुकणार नाही मी.

आत गेलो. कीबोर्ड पत्र्यासारखा सपाट. त्यात पिंग्याचा उजवा हात, मनगटापर्यंत, कागदाइतका पातळ. भिंतीवर, छतावर, माझ्या शर्टावर रक्त. टेबलाला साधा ओरखडा नाही.

आणि त्या तळव्यावर नक्षी उठली होती. डब्याच्या झाकणाची.

डॉक्टरांनी विचारलं, "कोणत्या यंत्रात गेला?"

मी टॉवेल उलगडून नक्षी दाखवली.

हे सगळं पिंग्यानं मला दवाखान्यात सांगितलं. वहिनींचं घर आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडे. मी रोज म्हणतो, "ऊठ, चल. पाया पड, खरं सांगून टाक."

तो म्हणतो, "उद्या जाऊ, भाऊ."

काल दुपारी बहिणीचा फोन आला. म्हणाली, "अरे, जरा ये. यांचा लॅपटॉप आपोआप लागलाय." मी गेलो. लॅपटॉपची बॅटरी मीच महिन्यापूर्वी काढून घरी नेली होती, आणि वायरही लावलेली नव्हती.

स्क्रीनवर एकच ओळ.

"दुसरा घालू?"

पिंग्या भिंतीला टेकून बसला होता. डावा हात काखेत घट्ट दाबून.

मी म्हटलं, "आता तरी ऊठ."

त्यानं हात आणखी आत ओढला. मग हळूच म्हणाला...

"उद्या."