बाबांनी पाठवलेले फ्रॉक

“हे सगळं मी आज कोर्टात दाखवणार आहे,” म्हणत ठमीनं पत्र्याची पेटी पलंगावर उपडी केली आणि आईच्या पायाखालचं शिलाई मशीन मध्येच थांबलं.

पेटीतून फ्रॉक निघाले... निळा, फुलाफुलांचा, पिवळा. बाबांनी वाढदिवसाला पाठवलेले! एकदाच अंगाला लावून, डांबराच्या गोळ्या घालून जिवापाड जपलेले!

“ज्यांनी माझा लहानपणचा एकही वाढदिवस चुकवला नाही, त्यांच्यावर तू पोटगीचा दावा लावतेस? तुला काहीच वाटत नाही का गं, आई?”

काय सांगणार होती ती माउली? घर सोडून गेलेल्या त्या माणसानं कोर्टानं ठरवून दिलेल्या पोटगीतला एक छदामही दिला नव्हता, कधी दिव्यांचं दुकान आपल्या नावावर नाही म्हणून, तर कधी धंदा बसला म्हणून तो हात वर करत आला होता, हे सांगायचं? की चिमुरडी ठमी दारात बसून ‘बाबा काय पाठवणार?’ म्हणून विचारायची, तेव्हा ‘काही नाही’ म्हणायला जीभ रेटेना, म्हणून पोटाला चिमटा काढून हे फ्रॉक तिनंच शिवले होते, हे सांगायचं? जुन्या कपड्यांवरची दुकानांची लेबलं उसवून तिनं ती फ्रॉकच्या गळ्याशी टाचली होती. खोटं बोलायचं तर नीटनेटकं बोलावं, एवढं त्या शिंपिणीला कळत होतं. पण आता ठमीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची फी दारात येऊन उभी राहिली होती, आणि शिलाईवर ती भागणार नव्हती.

कोर्टात बाबा कडक इस्त्रीच्या शर्टात आले होते. ठमीनं फ्रॉक पुढे ठेवले तेव्हा क्षणभर ते परक्याच्या सामानाकडे पाहावं तसे पाहत राहिले. मग आयत्या बिळावर नागोबा बसायला कितीसा वेळ लागतो?

“हो, मीच पाठवायचो,” ते म्हणाले. “रोख दिलं असतं तर पोरीपर्यंत पोचलं नसतं. म्हणून मी वस्तूच द्यायचो. शाळेची फीसुद्धा भरायचो.”

न्यायाधीशबाईंनी आईकडे पाहिलं. “हे खरं आहे का? नसेल तर आत्ताच सांगा.”

आईनं लेकीकडे पाहिलं. ठमी बापाकडे पाहत होती... आणि तिच्या चेहऱ्यावर इतका अभिमान, इतकं सुख दाटून आलं होतं की, देवा, ते आपल्या हातानं पुसून टाकायचं कसं? फी बुडाली तर बुडाली...

“खरं आहे,” आई म्हणाली. “त्यांनीच दिलं.”

तिच्या वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. निकाल जेवणाच्या सुट्टीनंतर द्यायचं ठरलं.

बाहेर आई एका बाकावर एकटीच जाऊन बसली. ठमीनं मात्र पिवळा फ्रॉक लाडानं बापाच्या हातात दिला. “बाबा, हा कुठून घेतला होता हो?”

“मोठ्या दुकानातून, तयारच,” बाबा म्हणाले, आणि न पाहताच त्यांनी तो परत केला. “चिंध्या कशाला जपायच्या एवढ्या?” फोन वाजला तसे ते बाजूला गेले.

ठमी फ्रॉकची घडी घालू लागली आणि तिची बोटं घेराशी अडखळली. घेर जाड लागत होता. तिनं उलटून पाहिलं. चार बोटं कापड आत दुमडून बारीक हातटाक्यांनी शिवलेलं होतं, टाके काढले की फ्रॉक लांब व्हावा असं. ‘पोर वाढतं, कापड वाढत नाही,’ असं म्हणत आई लहान मुलांच्या प्रत्येक कपड्यात हे करायची, आणि असले टाके उसवायला ठमीलाच बसवायची. एवढं कापड कुठलं दुकान आत दडवून ठेवतं? तिनं निळा पाहिला. फुलाफुलांचा पाहिला. सगळे तसेच! लेबलांची लबाडी साधली होती, पण हाताची सवय मात्र आईला लपवता आली नव्हती.

बाबा परत आले तेव्हा तिनं हळूच विचारलं, “बाबा, माझा वाढदिवस कधी असतो?”

ते हसले. “हे काय विचारणं झालं?” आणि त्यांनी मदतीसाठी आपल्या वकिलाकडे पाहिलं.

सुट्टीनंतर ठमी आपणहून उभी राहिली. “मला माझं बोलणं बदलायचंय,” ती म्हणाली. “हे फ्रॉक माझ्या आईनं शिवलेत. फीसुद्धा तिनंच भरली असणार. मी बाबांना एकही गोष्ट देताना पाहिलेलं नाही.”

बाबांकडे एकही पावती नव्हती. सगळी थकबाकी भरावी, नाहीतर दुकानावर जप्ती येईल, असा निकाल झाला. ते लेकीकडे न पाहताच निघून गेले. आई जिंकली होती, पण तिनं घराची वाट धरली नाही. कोर्टाच्या पायरीवर ती मटकन बसली.

ठमी तिच्या शेजारी टेकली.

“आई... मग मला बाबा कधी नव्हतेच का गं?”

आईनं तिला कुशीत ओढलं. “फार प्रयत्न केला गं, ठमे,” ती हुंदक्यातून म्हणाली. “तेवढं एक मला शिवता आलं नाही.”

ठमीनं मांडीवरचा पिवळा फ्रॉक उचलला आणि त्याच्या घेरानं ती आईचे डोळे पुसू लागली.